जुनी गाडी, खारा वारा: कोकणातल्या गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वर्षातून दोनदा ढिगाने येतात. एकदा मेच्या शेवटी, आभाळ भरून यायला लागलं की, आणि एकदा गणपतीच्या पंधरा दिवस आधी, गावच्या गाडीची आठवण झाली की. गाड्या बहुतेक त्याच: मारुती ८००, ओम्नी, झेन, जुनी वॅगन-आर, सँट्रो, इस्टीम, इंडिका. अधूनमधून एखादी प्रीमियर पद्मिनी असते. पद्मिनीवाले प्रश्न विचारत नाहीत, ते फक्त इतरांच्या उत्तरांतल्या चुका काढतात. खालच्या उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: किनारपट्टीवर इंजिन सहसा टिकतं, पत्रा आधी जातो. पैसे कमी असतील तर ते कुठे घालायचे, हे त्यावरूनच ठरवा.

१. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते म्हणतात. खरं का?

नाही. पेट्रोलला १५ आणि डिझेलला १० वर्षांचा नियम दिल्ली परिसरापुरता आहे. त्यात एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होऊ लागली आणि पारावर दोन्ही बातम्यांची खिचडी झाली. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी आधी १५ वर्षांची असते, मग तपासणीत पास झाली की दर वेळी ५ वर्षांनी वाढते. ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. म्हणजे शेवटच्या गाड्यांची पहिली मुदतच २०२९ पर्यंत आहे.

२. पासिंगला काय काय लागतं आणि गाडी कशावरून नापास होते?

मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत परिवहनच्या वाहन पोर्टलवर फॉर्म २५ भरायचा, पैसे भरायचे, तारीख घ्यायची आणि गाडी घेऊन जायचं. कारचं नूतनीकरण शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे, २० वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटून गेली तर दर महिन्याला ५०० रुपये दंड चढत जातो, म्हणून "गणपतीला आलो की करू" म्हणणाऱ्यांनी आधी आरसी बुकावरची तारीख बघावी.

सोबत विमा, पीयूसी आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट हवी. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती बसवायची आहे. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी.

तपासणीत गाडी अडते ती बारीकसारीक गोष्टींवर: मागचा एक दिवा, हॉर्न, वायपर, हँडब्रेक, गुळगुळीत टायर. पण कोकणातल्या गाडीचं खास दुखणं म्हणजे चेसिस नंबर. खाऱ्या हवेने ती जागा गंजते आणि पेन्सिलने ठसा उठत नाही. पासिंगच्या आठवडाभर आधी रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने आणि जुन्या टूथब्रशने ती जागा साफ करा आणि वर ग्रीसचा पातळ हात द्या. ग्राइंडर किंवा तारेचा ब्रश तिथे अजिबात लावू नका. अक्षरं खरवडलेली दिसली की नंबरशी छेडछाड केल्याचा संशय येतो आणि मग प्रकरण लांबतं.

३. पीयूसीत गाडी दर वेळी काठावर पास होते. काय करावं?

भारत स्टेज-२ (गाडीच्या धुराच्या सरकारी निकषांचा टप्पा) च्या आधीच्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो, स्टेज-२ आणि ३ च्या गाडीला फक्त ०.५, स्टेज-४ ला त्याहून कमी. म्हणून १९९८ ची ८०० सहज पास होते आणि तिच्यापेक्षा नवी झेन अडकते. जाण्याआधी गाडी निदान १०-१५ किलोमीटर चालवून इंजिन गरम करा, एअर फिल्टर साफ असू द्या, आणि चोक पूर्ण आत आहे ना ते बघा. हसू नका, चोक अर्धा बाहेर ठेवून पीयूसीला जाणारे दर महिन्याला भेटतात. भारत स्टेज-३ पर्यंतच्या गाड्यांचं प्रमाणपत्र सहा महिन्यांचं असतं, स्टेज-४ पासून वर्षाचं.

४. गाडी अजून आजोबांच्या नावावर आहे. ते जाऊन बरीच वर्षं झाली. चालवली तर काय होईल?

नियमात बसत नाही, आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडकण्याची भीती मोठी. मालक वारल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरायचा असा नियम आहे. आता उशीर झाला असेल तर दंड भरून करा, पण करा. मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. यातला कठीण भाग आरटीओ नाही, तो मुंबईतला काका आहे. त्याची सही गणपतीत घरी आल्यावरच घेऊन ठेवा. नाव झाल्यावर विमाही त्याच नावावर करून घ्या. ही गाडी तशीच विकायला काढली तर मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० पुढे सरकणार नाहीत.

५. गंज नेमका कुठून सुरू होतो? वरून तर गाडी छान दिसते.

वरून दिसायला लागतो तेव्हा तो आतून निघालेला असतो. तपासायच्या जागा, आमच्या मते महत्त्वाच्या क्रमाने:

ब्रेकच्या लोखंडी नळ्या, विशेषतः मागच्या चाकांकडे जाणारी. फडक्याने पुसून बघा. नुसता तांबूस रंग असेल तर लक्ष ठेवा, पापुद्रे सुटत असतील तर त्याच आठवड्यात बदला. या यादीतली थांबून न चालणारी गोष्ट ही एवढीच.

पायाखालचा पत्रा. कार्पेट आणि त्याखालचा फोम पूर्ण उचला. वरून कोरडं वाटणारं कार्पेट खाली ओलं असतं. पाणी बहुतेक वेळा दारातून येत नाही, वायपरखालच्या जाळीतून येतं: तिथे आंब्याची, काजूची पानं कुजून निचऱ्याची वाट बंद करतात आणि पाणी ब्लोअरमधून पायाशी उतरतं. मे महिन्यात ही जागा हाताने साफ करा आणि तांब्याभर पाणी ओतून ते चाकामागून खाली पडतंय ना ते बघा.

दारांच्या खालच्या कडा. प्रत्येक दाराला खाली दोन-तीन निचऱ्याची भोकं असतात. माडाच्या हिराने ती मोकळी करा. लोखंडी तारेने केलीत तर रंग खरवडून नवा गंज तुम्हीच सुरू कराल.

मग स्टेपनीचा खड्डा, बॅटरीखालचा ट्रे, जॅक लावायची जागा, मडगार्डची आतली घडी, पेट्रोल भरायच्या तोंडाचा पाइप आणि पुढच्या शॉकपचं (शॉक अॅब्सॉर्बरचं) वरचं बूड. पेचकसाच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, गेलेला बद्द वाजतो.

६. अंडरकोटिंग करावं का? आमचे तात्या म्हणतात, जुनं काळं ऑईल फवारलं की झालं.

प्रत्येक वाडीत एक तात्या असतात आणि त्यांची जीप काळ्या ऑईलवर तीस वर्षं चाललेली असते. जीपचा पत्रा आणि ८०० चा पत्रा यांत फरक आहे, हे तात्यांना सांगायच्या भानगडीत पडू नका. काळ्या ऑईलने काही दिवस पाणी लांब राहतं, हे खरं. पण वापरलेल्या ऑईलमध्ये आम्ल असतं, ते रबरी बुश आणि ब्रेकचे होज फुगवतं, सायलेन्सरवर जळतं, आणि पहिल्या पावसात निम्मं अंगणात उतरून विहिरीकडे जातं.

कोटिंग करा, पण ओल्या गंजावर करू नका. गंजावर डांबरी थर मारला की ओल आत कोंडते आणि पत्रा कोटिंगच्या आड गुपचूप संपतो. काम एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत उरकायचं:

गाडी खालून गोड्या पाण्याने प्रेशरने धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात उभी करा. सुटलेला गंज तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पेपरने काढा. उरलेल्या डागांवर रस्ट कन्व्हर्टर लावा. तो काळा पडला की काम झालं, तरी रात्रभर वाळू द्या. मग झिंक प्रायमर किंवा रेड ऑक्साइडचे दोन हात, आणि त्यावर कोटिंग. ८०० एवढ्या गाडीला तीन-चार किलो माल पुरतो. निचऱ्याची भोकं, सायलेन्सर, ब्रेक ड्रम, हँडब्रेकची केबल आणि सगळी रबरं आधी कागद-टेपने झाका. ही भोकं बुजवणारे गॅरेजवाले भरपूर आहेत, त्यामुळे काम संपल्यावर हीर घेऊन स्वतः तपासा.

दारांच्या आत आणि पायरीखालच्या पोकळ भागात डांबरी माल जात नाही. तिथे लांब नळीने मेणाचा स्प्रे मारावा लागतो. हे काम फारसं कोणी करत नाही, आणि गाड्या जातात त्या नेमक्या तिथेच.

७. फोटोपुरती गाडी वाळूवर नेली तर एवढं काय बिघडतं?

फोटोनंतर काय करता त्यावर आहे. त्याच दिवशी चाकांचे कोनाडे, खालचा पत्रा आणि ब्रेकभोवती दहा-पंधरा मिनिटं गोडं पाणी मारलंत तर फारसं काही नाही. "उद्या धुऊ" म्हणालात तर मीठ सांध्यांत बसतं आणि दमट हवेत रोज थोडं काम करत राहतं. धुताना पाणी मचूळ नाही ना ते बघा. खाडीकाठच्या बोअरचं पाणी मारणं म्हणजे मीठ मिठाने धुणं. शिवाय बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी न्यायला बंदी असते.

रुतलीच तर रेस वाढवू नका, प्रत्येक फेरीला चाक आणखी खाली जातं. ज्या चाकांना ओढ आहे त्यांची (८०० मध्ये पुढची, ओम्नीत मागची) हवा १५-१८ पीएसआयपर्यंत उतरवा, पुढची वाळू हाताने काढा, चाकाखाली झावळ्या किंवा फळ्या सारा आणि हळू क्लचवर बाहेर काढा. भरतीची वेळ हे सगळं करण्याआधी विचारा, नंतर नको.

फेरीबोटीला, म्हणजे दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेश्वी-बागमांडले किंवा आगरदांडा-दिघी, हाच नियम. रॅम्पवर उडालेलं पाणी खारंच असतं. ओहोटीला रॅम्पचा उतार वाढतो, तेव्हा भरलेली जुनी गाडी तिरकी चढवा, नाहीतर सायलेन्सर घासतो.

८. मुंबईला असतो. गाडी गणपतीनंतर थेट शिमग्याला सुरू होते. उभी करताना काय करायचं?

उभ्या गाडीचं नुकसान चालत्या गाडीपेक्षा जास्त होतं, त्यामुळे जायच्या आदल्या दिवशी अर्धा दिवस काढा.

इंजिन ऑईल जुनं झालं असेल तर बदलूनच उभी करा. जुन्या ऑईलमधली आम्लं आणि पाणी महिनोन्महिने बेअरिंगला लागून राहतात. टाकी जवळपास भरा, म्हणजे आतल्या रिकाम्या जागेत दमट हवा कमी राहते. टायरमध्ये नेहमीपेक्षा ५-६ पीएसआय जास्त हवा. हँडब्रेक सोडा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला पुढून-मागून जांभ्याचा चिरा लावा (हँडब्रेक ओढून ठेवला तर काय होतं ते प्रश्न १४ मध्ये). बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या वर दाखवते, १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, अर्धवट चार्ज बॅटरी उभी ठेवली की प्लेटा मरतात.

ताडपत्री गुंडाळू नका. आत घाम धरतो आणि सीटवर बुरशी येते. वर छप्पर आणि चारही बाजूंनी वारा, हे कुठल्याही कव्हरपेक्षा बरं. खाली माती असेल तर प्लॅस्टिकवर चिरे मांडून त्यावर गाडी घ्या, जमिनीची ओल थेट पत्र्याला लागत नाही.

घरी कोणी असेल तर त्यांना "रोज पाच मिनिटं चालू करा" असं सांगू नका. पाच मिनिटांत इंजिन गरम होत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि सेल्फने खाल्लेला करंटही परत भरत नाही. पंधरा दिवसांतून एकदा १५-२० किलोमीटर चालवता येत असेल तरच चालवा, नाहीतर हात लावू नका.

९. उंदरांनी वायरी खाल्ल्या. तंबाखू ठेवून उपयोग होतो का?

थोडे दिवस. वास उडाला की उंदीर तंबाखूच्या पुडीवरच घरटं करतात. खरा उपाय म्हणजे वाट बंद करणं: एअर फिल्टरच्या नळीच्या तोंडाला आणि ब्लोअरच्या हवेच्या वाटेला बारीक जाळी, आणि वायरिंगवर कोरुगेटेड नळी. भाताची कणगी आणि सुपारीची पोती असलेल्या पडवीत गाडी उभी करत असाल तर बाकी सगळे उपाय फुकट आहेत. बरेच दिवसांनी गाडी सुरू करण्याआधी बॉनेट उघडून एअर फिल्टरचा डबा बघा. पावसाळ्यात बॉनेट काठीने थोडं ठोकून उघडा. ऊब शोधत फक्त उंदीर येत नाहीत, त्यांच्यामागून दुसरंही कोणी येतं.

१०. पावसात सकाळची गाडी सुरू होणा नाय, दुपारी एका किल्लीत सुरू होता. ह्या काय भूत?

भूत डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना करंट वाटणाऱ्या डब्याच्या) टोपणात बसलंय. रात्रीच्या दमट हवेने टोपणाच्या आत दव धरतं, करंट प्लगपर्यंत जायच्या आधीच भलतीकडे उडतो. दुपारी इंजिनाच्या जागेतली ओल सुकली की सगळं ठीक. टोपण काढा, आतून कोरड्या फडक्याने पुसा, केसासारखी काळी रेघ दिसली तर टोपणच बदला. कॉइलची आणि प्लगच्या वायरी जुन्या असतील तर अंधारात इंजिन चालू ठेवून बघा: निळ्या ठिणग्या वायरीवर नाचताना दिसतात. पॉइंटवाल्या (कॉन्टॅक्ट ब्रेकरच्या) गाडीत पॉइंटचा गॅप ०.४ ते ०.५ मिमी. प्लगचा गॅप मॅन्युअलप्रमाणे, जुन्या गाड्यांत बहुधा ०.७-०.८.

पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिन फ्लड झालंय. चोक आत ढकला, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारा. अॅक्सिलरेटर पंप करत राहिलात तर आणखी पेट्रोल ओताल.

११. आंबा घाट चढताना काटा लाल रेषेकडे जातो. रेडिएटर बदलू का?

आधी स्वस्त गोष्टी. थंड इंजिनात रेडिएटरचं झाकण उघडून पाणी काठोकाठ आहे ना ते बघा. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर दाब राहत नाही आणि पाणी लवकर उकळतं. झाकण शे-दोनशे रुपयांत येतं. मग पंखा: गाडी उभी ठेवून गरम होऊ द्या, तो आपोआप फिरला पाहिजे. नसेल फिरत तर त्याच्या स्विचची दोन टोकं जोडून बघा. फिरला तर स्विच गेलाय, नाही फिरला तर मोटर किंवा फ्यूज. मग फॅनबेल्ट, आणि मग रेडिएटरच्या जाळ्या. किनाऱ्यावरच्या गाडीत पितळी नळ्यांमधल्या पातळ पंखड्या मिठाने झडतात. बोट लावल्यावर चुरा हातात आला तर रेडिएटर बदलायचाच आहे.

आत विहिरीचं पाणी भरू नका. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. मचूळ पाण्याने अॅल्युमिनियमचं हेड आतून पोखरतं, आणि हेडचं काम रेडिएटरच्या कितीतरी पट महाग पडतं.

घाटात काटा चढलाच तर एसी बंद, हीटर फुल, खिडक्या खाली, गिअर एक खाली. तरी उतरला नाही तर बाजूला घ्या आणि अर्धा तास झाकणाला हात लावू नका. तेवढ्यात मागून कोणी येऊन "पाणी ओता वरून" म्हणेल. तापलेल्या ब्लॉकवर थंड पाणी ओतल्याने भेगा जातात, एवढं त्यालाही सांगा.

१२. मेस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकला आणि म्हणाला, आपल्याकडे लागतच नाही. बरोबर का?

नाही. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. कोकणातल्या छोट्या फेऱ्यांत, त्यातून पावसात, थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन पुरेसं गरमच होत नाही. पेट्रोल जास्त जातं, ऑईलमध्ये ओल राहते, गाळ धरतो. अडकलेला थर्मोस्टॅट काढणं ठीक, पण त्या जागी नवा घाला.

१३. ऑईलच्या झाकणाखाली दुधासारखा चिकटा दिसला. हेड गॅस्केट गेलं का?

जुलैत दिसला असेल तर घाबरायच्या आधी डिपस्टिक (ऑईल मोजायची पट्टी) बघा. बाजार-घर-बाजार अशी दोन किलोमीटरची फेरी असली की वाफ झाकणाखाली थंड होऊन ऑईलशी घुसळली जाते. डिपस्टिकवर ऑईल स्वच्छ असेल आणि कूलंटची पातळी जागेवर असेल तर झाकण पुसा आणि गाडी एकदा तासभर लांब फिरवून आणा. डिपस्टिकही दुधाळ, कूलंट कमी होतंय आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, असं तिन्ही जुळलं तर गॅस्केटच. गाडी चालवत मेस्त्रीकडे नेऊ नका.

१४. हँडब्रेक ओढून रात्रभर पावसात ठेवली, सकाळी चाकं जाम.

मागचे लायनर गंजून ड्रमला चिकटलेत. हँडब्रेक सोडून पहिला आणि रिव्हर्स आलटून पालटून टाकत गाडी हलकी झुलवा, "टक्" असा आवाज होऊन सुटते. नाही सुटली तर चाक काढून ड्रमच्या कडेला लाकडाचा ठोकळा धरून हातोडीने ठोका. जोर करून ओढत नेऊ नका, लायनर पट्टीवरून उखडतो. पावसाळ्यात सपाट जागी गिअर आणि चिरा पुरतात.

१५. घाट उतरताना ब्रेक मऊ लागतो, खाली आल्यावर ठीक होतो.

ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उकळबिंदू उतरतो. डॉट-३ कोरडं असताना २०५ अंशांना उकळतं, ओल धरल्यावर १४० ला. उकळलं की नळीत वाफ होते आणि पॅडल खाली जातं. पुस्तकात दोन वर्षं लिहिलेलं असतं, इथल्या हवेत दर वर्षी मे महिन्यात बदललेलं बरं. अर्धा लिटरचा डबा पुरतो, आणि उरलेला अर्धवट डबा पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. आंबोली असो की करूळ, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रलमध्ये घाट उतरून पेट्रोल वाचवणाऱ्यांशी वाद घालत नाही, त्यांच्या पुढून गाडीही चालवत नाही.

१६. पुराचं पाणी गाडीत शिरलं होतं. ओसरल्यावर सुरू करून बघू का?

किल्लीला हातही लावू नका. चिपळूणमध्ये जुलै २०२१ च्या पुरानंतर जे शिकायला मिळालं ते हेच: बऱ्याच गाड्या पाण्याने नाही, सेल्फ मारल्याने गेल्या. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. नेहमीच्या विम्यात हे नुकसान बहुधा बसत नाही, आणि जुन्या गाडीला इंजिनाचं वेगळं संरक्षण सहसा मिळत नाही.

क्रम असा: बॅटरीची निगेटिव्ह काढा. एअर फिल्टर ओला आहे का बघा. सगळे प्लग काढून इंजिन पान्याने हाताने फिरवा, पाणी असेल तर भोकांतून बाहेर पडेल. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल सोडा. इंजिन ऑईल, त्याचा फिल्टर आणि गिअर ऑईल बदला. पहिलं ऑईल पाचशे किलोमीटरमध्ये पुन्हा काढा. ड्रम उघडून गाळ धुवा. सीट, कार्पेट, फोम सगळं बाहेर. फोम वाळत नाही, टाकून द्या.

१७. जुनी गाडी घेतोय. पुरातली नाही ना, कसं ओळखायचं?

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला मातकट रेघ दिसते. सीटच्या रुळांचे बोल्ट, डॅशबोर्डखालचे लोखंडी पट्टे आणि फ्यूजबॉक्सच्या कोपऱ्यातला तांबडा गाळ बघा. जुन्या गाडीत अगदी नवंकोरं कार्पेट आणि अत्तराचा घमघमाट असेल तर आणखी नीट बघा. पत्र्याची तपासणी प्रश्न ५ प्रमाणे.

१८. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने जुनी गाडी बिघडते का?

लगेच नाही, पण रबरं संपतात. या गाड्यांचे होज आणि पंपाचा डायफ्राम इतक्या इथेनॉलसाठी बनवलेले नव्हते. इथेनॉल चालेल असे होज टाका आणि दर वर्षी वाकवून बघा, भेग दिसली की बदला. इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवतं, म्हणून पहिला पेट्रोल फिल्टर लवकर चोंदतो. एक जास्तीचा जवळ ठेवा. अॅव्हरेज थोडं कमी होणारच, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. कार्बोरेटरवाल्या गाडीचं मिश्रण पातळ होतं, ट्यूनिंग पुन्हा करून घ्या.

१९. डिकीतून म्हावऱ्याचा वास जात नाही.

वास हा छोटा प्रश्न. बर्फाचं खारं पाणी खोक्यातून झिरपून स्टेपनीच्या खड्ड्यात साठतं आणि तो खड्डा दोन पावसाळ्यांत चाळणी होतो. खड्ड्यातलं रबरी बूच काढून गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, मग बूच लावा. पुढच्या वेळी मासळी काठ असलेल्या प्लॅस्टिकच्या टबात ठेवा. फणसाचा चीक सीटला लागला तर खोबरेल तेलाने निघतो, पाण्याने पसरतो. आंब्याच्या पेट्या आणि पाच माणसं एकदम भरून ८०० घाटात नेणाऱ्यांनी मागच्या टायरची हवा वाढवावी, आणि एखाद्या माणसाला एसटीने पाठवावं.

२०. माडाखाली उभी होती, नारळ पडून टप चेपला. विमा मिळेल का?

फुल विमा असेल तर हो, नुसता थर्ड पार्टी असेल तर नाही. वानरांनी आरसा तोडला, त्यालाही हेच. पण पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. ती आधीच चाळीस-पन्नास हजारांवर आली असेल तर फुल विम्याचा हप्ता आणि एका टपाचं डेंटिंग-पेंटिंग यांचा हिशेब मांडून बघा.

२१. पार्ट मिळतात का अजून?

८००, ओम्नी, वॅगन-आरचे बहुतेक सगळे. पद्मिनी, इस्टीमसाठी मुंबईत कुर्ला आणि पुण्यात नाना पेठ. इंजिनाचं बोअरिंग, हेडचं फेसिंग असं यंत्रशाळेचं काम असेल तर कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर जवळ पडतं. गाडीत कायम ठेवायचं: क्लच केबल, फॅनबेल्ट, वरचा रेडिएटर होज, फ्यूज, आणि जॅकखाली ठेवायला फूटभर फळी; लाल चिखलात जॅक नुसता खाली जातो. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते माहीत नसेल तर तो आजच बदला.

२२. पत्र्याचं काम किती करून घ्यावं? कुठे थांबावं?

दारं, मडगार्ड, बॉनेट बोल्टवर किंवा वरवर असतात. कितीही गेली तरी बदलता येतात. पायाखालचा पत्रा कापून नवा वेल्ड करता येतो, फक्त लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलेला घेऊ नका. लोहचुंबक फिरवा, लांबीवर तो चिकटत नाही. शॉकपचं वरचं बूड, मागच्या अॅक्सलच्या पकडी किंवा जॅकच्या जागेपासून आतवर जाणारा उभा सांगाडा गेला असेल तर थांबा. जॅक लावल्यावर गाडी उचलायच्या ऐवजी पत्राच आत जात असेल आणि उचललेल्या गाडीचं दार नीट बसत नसेल, तर इंजिन कितीही गोड वाजत असलं तरी माणसं बसवू नका.

देताना नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रालाच द्या आणि ठेवीचं प्रमाणपत्र (सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला) घ्या. नवी गाडी घेताना त्यावर करात सवलत मिळते. दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला नुसती उचलून दिलीत तर आरसी तुमच्याच नावावर राहते आणि तो नंबर दुसऱ्या गाडीवर फिरला तर नोटीस तुमच्या घरी येते. बॅटरी, चांगल्या टायरची स्टेपनी आणि चालू असलेला अल्टरनेटर आधी काढून घ्या. ८०० वाले गावात भरपूर आहेत, घेणारा संध्याकाळपर्यंत दारात येतो.